युजीन मास्तरांच्या कॅसेटी

भुईगावच्या युजीन मास्तरांनी लग्न एकही जुळवलं नाही, मोडली मात्र बरीच! तीन पिढ्यांत नातं निघालं तर सोयरीक नाही, ही गावाची रीत. आणि पिढ्या ठाऊक फक्त मास्तरांना. वीस वर्षं म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या खाटेशी बसून त्यांनी घराघरांची नावं वह्यांत उतरवलेली.

निवृत्त झाले तेव्हा मुलाने मस्कतहून छोटा कॉम्प्युटर आणला. टीव्हीला जोडायचा, टेपरेकॉर्डरवरून चालवायचा. मास्तरांनी पुस्तकात डोकं घालून स्वतः प्रोग्राम लिहिला, वह्यांतली नावं त्याच्या कॅसेटींवर भरली. दोन नावं टाका, पडद्यावर सामाईक पणजोबा हजर! वह्यांना वाळवी लागली तर म्हणतात कसे, "खा बायांनो, पोटभर खा. माझं सगळं कॅसेटीत आहे."

सत्त्याऐंशी साली सायमन आला. बाप्तिस्म्याला मास्तरांनीच हातांवर धरलेला. आता नालासोपाऱ्यात कॉम्प्युटर विकायचा.

"मास्तर, जुना द्या, नवा घ्या."

"माझ्या कॅसेटी चालतील ना?"

"म्हणजे काय! नव्या टेपवर जुनी गाणी वाजत नाहीत? फक्त एक वायर लागेल, उद्या आणतो."

घरचाच पोर तो. मास्तरांनी दुसऱ्यांदा विचारलं नाही, जुना देऊन नवा घेतला.

महिना झाला, वायर येईना. अशात शनिवारी तेरेसा आली. तिच्या लिलीला आगाशीचा मुलगा पसंत होता, रविवारी चर्चमध्ये लग्न जाहीर करायला दोघांची नावं वाचायची होती; त्याआधी नातं निघतं का ते बघायचं होतं. मास्तरांनी सायमनला बोलावून घेतलं. आला तो हात हलवत.

"वायर आणूनही उपयोग नाही, मास्तर. जुन्याचं याला कळतच नाही."

"तुला आधी ठाऊक होतं?"

"सांगितलं असतं तर तुम्ही घेतला असता?"

मास्तरांना क्षणभर बसायला खुर्ची सापडेना.

"माझा जुना आण परत."

"तो सुटा करून विकला. मी नवा प्रोग्राम देतो ना लिहून!"

"आणि नावं? सांगणारी माणसं मातीत गेली रे!"

ओट्यावरून तेरेसा म्हणाली, "मास्तर, फादरला काय सांगू?"

मास्तरांनी कागद घेतला. 'मला सांगता येत नाही' एवढं लिहून खाली सही केली नि चिठ्ठी सायमनपुढे धरली. "तूच नेऊन दे. का ते पण सांग."

सायमनने चिठ्ठी खिशात घातली. "लाइट गेली होती म्हणतो."

मास्तरांनी त्याच्या खिशातून चिठ्ठी काढून घेतली, वहाणा घातल्या आणि तेरेसाला म्हणाले, "चल बाय, मीच येतो."