राजघाटावरचा पंचनामा
तापीच्या गाळाचा वास आला की मला राजघाटावरची ती सकाळ आठवते. संस्थानं विलीन होत होती आणि शेजारच्या संस्थानाच्या दिवाणाविरुद्ध लिहिणारा आमचा नामांकित पत्रकार पायऱ्यांवर मरून पडला होता. मी शाळामास्तर, म्हणून ठाणेदारानं मला पंच केलं. पंचनाम्यात लिहिलं होतं, ‘पाय घसरून बुडाला.’ मी हळूच म्हणालो, “साहेब, कपडे तर कोरडे आहेत.” त्यानं शांतपणे विचारलं, “मास्तरजी, बालबच्चे किती तुम्हाला?” मी सही केली. पत्रकाराची बायको समोरच उभी होती. परवा त्याचं चरित्र लिहिणारा एकजण घरी आला. “ते बुडालेच ना?” त्यानं विचारलं. ठाणेदाराला जाऊन कित्येक वर्षं झाली, तरी मी ‘हो’ म्हणालो.