छीतर चोर आणि आमच्या घरचा फेटा

आमच्या घरात लग्नकार्यातही पुरुष फेटा बांधत नाहीत. कारण काय, तर ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर शिपाई असलेल्या आमच्या एका पूर्वजाच्या पहाऱ्यातून छीतर नावाचा नामचीन चोर पळाला. पैसे खाऊन सोडला म्हणे. नोकरी गेली, अब्रू गेली, तेव्हापासून फेटाही गेला. आता माझ्या मुलाचं, अमेयचं, लग्न ठरलं आणि पठ्ठ्या फेट्यासाठी हटून बसला. तेव्हा माझे बाबा म्हणाले, "मला एकदा तो किल्ला दाखव." काढली तिकिटं.

पुण्याहून प्रवास लांबचा आहे, दशम्या आणि चटणी सोबत ठेवाच. उतरलो ग्वाल्हेरच्या दाना ओली भागात, सुमनकाकूंकडे. त्या तिथल्याच मराठी, वरच्या खोल्या पाहुण्यांना देतात. सकाळी नाश्त्याला बेडई, म्हणजे डाळ भरलेली पुरी, सोबत बटाट्याची भाजी आणि जिलबी. बाबांनी तिखटजाळ भाजी पुन्हा मागून घेतली, तेव्हा मला जरा धडकीच भरली.

किल्ल्यावर उरवाई दरवाजाकडून गाडी वर जाते. म्हातारं माणूस बरोबर असेल तर तोच रस्ता धरा. गाडी दिवसभरासाठी ठरवलेली परवडते. वर कैद्यांच्या कोठड्या पाहिल्या, गाइड लोकांना विचारलं. राजे सगळ्यांना पाठ, छीतर कुणालाच ठाऊक नाही. बाबा तटाशी उभे राहून नुसते खाली बघत होते. उगाच आणलं यांना, असं मला वाटून गेलं.

संध्याकाळी चहा ओतताना सुमनकाकू म्हणाल्या, "अहो, वरती काय ढूंढत बसलात? चोराला राजांच्या घरी कोण पूजेल? त्याचा चबुतरा खाली आहे, किल्ल्याच्या पायथ्याशी. उद्या चला ना माझ्यासोबत."

गेलो. कडुलिंबाखाली शेंदूर लावलेले दोन दगड. ज्यांचं माणूस तुरुंगात आहे ते इथे कापडाची पट्टी बांधतात. आमच्या पुढच्या बाईंनी पट्टी आधी मोठ्या दगडाला बांधली.

"हाच छीतर का?" बाबांनी विचारलं.

"नहीं दादा, ये सिपाहीजी हैं. पहले इनकी, फिर छीतर की."

मग काकूंनी गोष्ट सांगितली. छीतरची आई शेवटच्या घटका मोजत होती. पहाऱ्यावरच्या मराठी शिपायाला त्याचं रडणं बघवेना. त्याने डोक्यावरचा फेटा उलगडून तटावरून खाली सोडला आणि त्याला धरून छीतर उतरला. सकाळी शिपाई बोडक्या डोक्याने हजर झाला, कुणी पळवला विचारलं तर 'मी' म्हणाला. "घेतलं काहीच नाही त्याने, म्हणून तर पहिली पट्टी त्याची," काकू म्हणाल्या.

खरं-खोटं देव जाणे. बाबांच्या डोळ्यांना धार लागली होती. त्यांनी खिशातला रुमाल फाडून दोन्ही दगडांना पट्ट्या बांधल्या.

"सुमनताई, फार उपकार झाले तुमचे."

"उपकार कसले? जेवायला चला, कढी थंडी होते आहे."

सुमनकाकूंचे आभार कसे मानू, मला आजही कळत नाही. लग्नाच्या दिवशी बाबा सगळ्यांच्या आधी तयार होऊन बसले होते, मांडीवर केशरी कापड. पण फेटा बांधता येतो कुणाला आमच्यात? शेवटी मुलीकडचे एक आजोबा धावून आले.

"घट्ट बांधू ना?" त्यांनी विचारलं.

"बांधा," बाबा म्हणाले, "पण वेळ आली तर चटकन सोडता आला पाहिजे."