आंब्यांचे आकाशी बुंधे

माझे नाव श्रीधर महादेव ओगले, वय वर्षे शहात्तर पूर्ण. मॅट्रिकनंतर कॉलेजची पायरी चढलो नाही. एका कारखान्याच्या भांडारात नोकरी केली आणि जे काही शिकलो ते वाचनालयांतून, स्वतःच्या हिमतीवर. वनस्पतिशास्त्र हा माझा खास प्रांत. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे जे घडले ते अडाणीपणामुळे घडले असा तुमचा समज व्हायला नको. अडाणी माणसाच्या हातून ते घडलेच नसते! त्यासाठी वाचनच हवे.

तो चहा आधी संपवा. एवढी मोठी फजिती निवलेल्या चहाबरोबर ऐकण्यासारखी नाही.

हिंजवडीला संगणकाच्या कंपन्या स्थिरावत होत्या, तेव्हाची गोष्ट. विश्रांतवाडीच्या आमच्या कोपऱ्यावर सकाळी कंपन्यांच्या बसगाड्या थांबू लागल्या होत्या आणि आळंदी रस्त्याचा धूर घरातल्या भांड्यांवर बसत होता. मी सोसायटीचा सचिव. मागच्या आवारात पाच जुने आंबे. वरच्या मजल्यावर चार मुली भाड्याने राहत. तिघी त्या बसने हिंजवडीला जात. चौथी वैशाली, विद्यापीठात पर्यावरणशास्त्राचे संशोधन करणारी, वरुडकडची, संत्र्याच्या मुलखातली.

एके दिवशी तिने मला जिन्यात गाठले.

"काकाजी, मागच्या आंब्यांवर माझा अभ्यास केला तर चालेल का? म्हणजे झाडांचा नाही, सालीवर जे—"

"सालीसकट करा," मी म्हणालो. "साल हा झाडाचाच भाग असतो."

"हो, पण हवेचा आणि त्यांचा काय संबंध आहे ते—"

"झाडे हवा शुद्ध करतात. आणखी काही?"

ती वरून आणखी काहीतरी सांगत होती. पण मी खाली पोहोचलो होतो.

झाले! तिचे काम सुरू झाले. लाकडी चौकटीत आडवे-उभे दोरे ताणलेले, ती चौकट बुंध्याला लावायची आणि सालीवरचे करडे-पांढरे चट्टे मोजत बसायचे. दर महिन्याला. मी गॅलरीतून लक्ष ठेवून असे.

"अहो, ती ते डाग मोजते वाटतं," आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या.

"डाग नव्हेत. बुरशी आहे ती. झाडांच्या रोगाची पाहणी चालली आहे."

"मग तिला एकदा विचारा तरी, नक्की काय ते."

"विचारायचे कशाला? मी वाचले आहे!"

आता मूळ घोटाळा ऐका. जवळपास वर्ष होत आले असताना वैशाली हसत हसत म्हणाली, "काकाजी, तुमच्या आंब्यांवर हे चट्टे किती छान आलेत हो! या अख्ख्या रस्त्यावर असे मला कुठेच सापडले नाहीत."

पुण्यात जन्म गेलेल्या माणसाने याचा काय अर्थ घ्यावा, तुम्हीच सांगा! आमच्याकडे 'तुमची मुलं किती मोकळेपणानं खेळतात' याचा अर्थ कार्ट्यांना आवरा असा होतो. 'स्कूटर लावायची तुमची पद्धत काही औरच' म्हणजे ती ताबडतोब काढा. मी चांगले बोलणे ऐकले की आधी त्यातला टोमणा शोधतो. तो सापडला नाही तर मला चैन पडत नाही. इथे तर शोधावासुद्धा लागला नाही. झाडांना खरूज झाली आहे, आणि सचिव डोळे मिटून बसला आहे, हेच ती सुचवीत होती! वरुडकडे छान म्हणजे छानच असते, ही माहिती मला कोणत्याही पुस्तकात आढळली नव्हती.

वर ती म्हणाली, "शनिवारी आमच्या गाईड मॅडम स्वतः बघायला येणार आहेत. त्यांनी डोळ्यांनी पाहून होकार दिला की माझं वर्षाचं काम पक्कं. शिष्यवृत्ती संपायच्या आत प्रबंध लिहून होईल. नाहीतर बाबा म्हणतात, झालं तेवढं बस, परत ये."

एका मुलीचे वर्षभराचे काम पणाला लागलेले, आणि तिच्या मार्गदर्शक बाई येऊन काय पाहणार? आमची रोगट झाडे! मी मनाशी ठरवले, या पोरीची मान खाली जाऊ द्यायची नाही.

शुक्रवारी वैशाली खडकवासल्याला गेली. तिथेही तिची काही झाडे होती. मी कामाला लागलो. बुरशीवर रामबाण उपाय म्हणजे बोर्डो मिश्रण. मोरचूद, कळीचा चुना आणि पाणी. कोणत्याही शेतीविषयक पुस्तकात आहे. आधी काथ्याच्या ब्रशाने पाचही बुंधे खरवडून स्वच्छ केले, मग त्यांवर मिश्रणाचा दाट थर दिला. रंग असा सुरेख आकाशी आला की मला राहवेना. वर गेरूचा पट्टाही ओढला.

तळमजल्यावरचे शेखसाहेब दुकानाला निघाले होते. त्यांचे मसाल्याचे दुकान आहे. ते थबकले.

"ओगलेसाहेब, झाडं कुणाच्या लग्नाला निघालीत?"

"उपचार चालू आहेत."

"त्या पोरीला विचारलंत का?"

"नाही. तिला सुखद धक्का द्यायचा आहे."

"धक्का तर बसेल," असे म्हणून शेखसाहेब निघून गेले. हा टोमणा मात्र माझ्या ध्यानात आला नाही. नको तिथे शोधण्यात माझी सगळी शक्ती खर्च झाली होती!

वैशाली रात्री उशिरा परतली, शनिवारी सकाळी पुढच्या दाराने परस्पर विद्यापीठात गेली आणि बाईंना रिक्षाने घेऊन आली. डॉक्टर सबनीसबाई. सुती साडी, गळ्यात दोरीने अडकवलेले भिंग, आणि बोलणे मोजके. मी इस्त्रीचा सदरा घालून, पुष्पगुच्छ घेऊन मागच्या आवारात उभा. शेखसाहेबही आलेले. त्यांना काहीतरी अपेक्षित असावे.

बाई कोपरा वळल्या आणि थांबल्या.

"हे काय आहे?"

"बोर्डो मिश्रण," मी ताठ उभा राहून सांगितले. "मोरचूद आणि चुन्याचे. ताजे आहे."

"ते दिसतंय मला. दगडफूल कुठंय?"

"कोणते दगडफूल?"

वैशाली तोवर पहिल्या झाडापाशी पोहोचली होती. एरवी प्रमाण मराठी बोलणारी मुलगी, पण त्या क्षणी तिच्या तोंडून थेट वरुड बाहेर पडले. "अवो काकाजी, हे काय करून ठेवलं जी तुमी! आमच्या बगिच्यात हेच लावून राह्यतात, सालीवर काहीच जित्तं राहू नये म्हणून!"

आणि ती बुंध्याला टेकून खाली बसली. पदवीधर मुलगी, आणि तिच्या पाठीवर आकाशी रंगाचा भला मोठा ठसा. ते तिला सांगण्याचे धैर्य कोणालाही झाले नाही.

सबनीसबाईंनी भिंग गळ्यातून काढून पर्समध्ये ठेवले. "अहो, ते चट्टे हाच तिचा विषय होता. हवा बिघडली की झाडावरचं दगडफूल आधी मरतं. या रस्त्याच्या धुरात तुमच्या आंब्यांवर ते टिकलं कसं, हे ती वर्षभर मोजत होती. आता धुरानं नाही, तुम्ही मारलंत. न पाहता मी होकार देऊ कशी?"

कोणीही शहाणा माणूस इथे गप्प बसला असता. पण मला उपाय सुचला होता!

"दगडफूल म्हणजे गोड्या मसाल्यात घालतात तेच ना?" मी विचारले.

"त्याच जातकुळीतलं. का?"

"मग चिंता कसली! शेखसाहेबांच्या दुकानात पोत्याने पडले आहे. आत्ता घेऊन येतो. उत्तम डिंकाने चिकटवू. संध्याकाळपर्यंत पाचही झाडे पूर्ववत्!"



"साधं देऊ की भारीतलं?" शेखसाहेबांनी विचारले.

आधी वैशाली हसली. म्हणजे, रडता रडता हसली. मग बाईही तोंडाला पदर लावून पाठमोऱ्या झाल्या. पुष्पगुच्छ अजून माझ्याच हातात होता. तो मी कोणाला द्यावा?

शेवटी शेखसाहेबच म्हणाले, "मॅडम, माझ्या मोठ्या भावाचं घर इथेच पुढे, कळसला आहे. याच रस्त्यावर. मागे असलेच जुने आंबे आहेत आणि असलेच चट्टे. त्या झाडांना आजवर कुणी हात लावलेला नाही. आमच्या घरात वाचनाची आवड कुणालाच नाही हो."

बाईंनी तडक रिक्षा मागवली. कळसच्या आंब्यांवर दगडफूल होते, भरपूर होते. पण तिथली मोजणी पहिल्यापासून करावी लागणार होती. शिष्यवृत्तीची मुदत वाढवून घेण्याचे बाईंनी अंगावर घेतले आणि वैशालीच्या वडिलांना समजावण्याचे मी. त्यासाठी वरुडला जाऊन आलो, सगळी हकीकत खरी सांगितली. ते इतके हसले की नाही म्हणायचे विसरूनच गेले. पुढे कळसला दर महिन्याला वैशालीची चौकट मी धरून उभा राहत असे. तिची एकच अट होती : धरायची, बोलायचे नाही.

प्रबंध पूर्ण झाला, वैशाली डॉक्टर झाली. एक प्रत तिने मला आणून दिली. इंग्रजीत होती, मी शब्दकोश शेजारी ठेवून अथपासून इतिपर्यंत वाचली. आणि सापडलो की हो मी! विश्रांतवाडीच्या झाडांची निरीक्षणे मानवी हस्तक्षेपामुळे सोडून द्यावी लागली, असे तिथे स्वच्छ लिहिले होते. तो मानव मी! आयुष्यभर ग्रंथांत डोके घातले आणि विद्यापीठाच्या ग्रंथालयात कायमची जागा मिळवली, ती मोटारींच्या धुराच्या शेजारी.

पुढच्या वार्षिक सभेत सचिवपद शेखसाहेबांकडे गेले, आणि आमच्या आवारातल्या झाडांना आता कोणीही काही लावीत नाही.