देठासकट

दहा एप्रिल, सकाळी आठ वाजून वीस मिनिटे. बागेच्या बेड्याशी, बांबूच्या फाटकापाशी, तिशीतली एक बाई उभी होती. आंबे उतरवायचे झेले, म्हणजे देठ कापणारे पाते लावलेल्या जाळ्या, ती स्वतः बनवून विकत असे. नाव मी विचारले नाही.

"काठीने आंबा ओढून काढायची आमची जुनी घळ आहे. तीही आंबाच उतरवते," मी म्हणालो.

"सात बागांत हेच ऐकलं, काका. नाही म्हणा, पण एक करंडी उतरवून झाल्यावर म्हणा. तुम्ही घेतलात तर वाडी घेईल."

तिने आधी माझी कालची करंडी पाहिली. देठ तुटलेल्या आंब्यांवर चीक ओघळून काळे डाग पडले होते. घळीचीच काठी मागून तिने आपला झेला सुतळीने बांधला आणि पदर खोचला. आंबे देठासकट उतरले. एक मात्र निसटून कातळावर फुटला. तो उचलून तिने माझ्यापुढे धरला.

"हा माझ्या हाताने गेला. हात बसायला दोन दिवस लागतात, हे आधीच सांगायला हवं होतं."

विकणाऱ्याने न विचारता असे सांगितलेले मी क्वचितच ऐकले आहे. झेला ठेवून घेतला. संध्याकाळी तिची सुतळी सोडून तो काठीवर तारेने पक्का आवळला.