डिंडोलीचा मातीचा तास

मातीच्या तासाचं एक बरं आहे. साडी दर वेळी धुवावी लागते, पण सांगायला एक किस्सा हमखास मिळतो! डिंडोलीतल्या आमच्या सकाळी भरणाऱ्या मराठी शाळेत ज्या पोरांचं लक्ष दोन मिनिटंही टिकत नाही, अशी पाच-सहा जणं मधल्या सुट्टीनंतर माझ्याकडे येतात. आम्ही माती मळतो. हात गुंतले की डोकं जरा थाऱ्यावर येतं, एवढंच माझं शास्त्र.

*

पहिल्याच दिवशी मी ऐटीत नियम सांगितला, "जो पाच मिनिटं शांत बसेल, त्यालाच माती!"

तिसरीतली खुशी बाकाखालून बाहेर आली. म्हणाली, "बाई, तुमचं उलटं होतंय. आधी माती द्या, मग बसते ना!"

दिली. बसली की हो! बी.एड.ला हे कुणी शिकवलं नव्हतं मला.

*

"शाळेत हा चिखल कशाला, बाई?" म्हणत आमचे हेडसर पांढराशुभ्र शर्ट सांभाळत आले. रोहितनं नेमका त्यांचाच पुतळा केला होता. सर खूश! मग जरा निरखून म्हणाले, "अरे, पण पोट केवढं केलंस?"

"सॉरी सर," रोहित गंभीरपणे म्हणाला, "माती संपली. नाहीतर बरोबर झालं असतं."

तेव्हापासून सर दारातूनच डोकावतात.

*

एकदा सांगितलं, घरातली माणसं करा. खुशीनं आई केली, धाकटा भाऊ केला, आणि बाजूला एक लांबट गोळा ठेवला.

"हे काय गं?"

"पप्पा. गोधडीत झोपलेत. कडोदऱ्याला कापडाच्या लूमवर नाइट पाळी आहे ना."

"अगं, तोंड तरी दाखव त्यांचं!"

"रविवारी दाखवते."

सगळे हसले. मीही हसले, पण जरा उशिरा.

*

पोळ्याच्या आदल्या दिवशी तेच पप्पा, सुकलालभाऊ, पाळी संपवून थेट शाळेत आले. डोळे लाल. "बाई, पोरीचा दाखला द्या. हाई पोर एक जागे बसस नही! आते गावले धाडी देस. आजीजवळ राहील, बकऱ्या सांभाळील."

गावी गेली की तिची शाळा संपलीच. काकुळतीला येऊन म्हटलं, "भाऊ, हे वर्ष तरी थांबा." ते ऐकायला तयार नाहीत. शेवटी हेडसर दाखला आणायला गेले.

खुशी मान खाली घालून पोळ्याचा बैल करत होती. शिंग लावलं की गळायचं, लावलं की गळायचं. सुकलालभाऊंना ते बघवेना.

"बैलना शिंगं आसा ऱ्हातस का व? आण इकडे!"

ते पोरांच्या बुटक्या बाकावर टेकले. शिंगं झाली. मग म्हणाले, खांदा नीट नाही. तो मोडून पुन्हा केला. मग झूल घातली, घुंगरांची माळ घातली. दुसऱ्या बैलाची माती त्यांनी स्वतःच मळायला घेतली.

हेडसर दाखला घेऊन आले. "सुकलालभाऊ, इथे सही करा."

सुकलालभाऊ दुसऱ्या बैलाचे पाय वळत होते.

"अहो सुकलालभाऊ!"

मान वर नाही. सर आणखी मोठ्यानं हाक मारणार, तेवढ्यात खुशीनं त्यांची बाही ओढली.

"सर, थांबा ना! पप्पांचं आत्ताच लक्ष लागलंय!"