मातीत राहिलेली पिशवी

संस्थेच्या हिरवळीच्या कोपऱ्यात सर उकिडवे बसत, आजारी पोराच्या कपाळावर ठेवावा तसा तळवा मातीवर टेकवत आणि उठताना म्हणत, "मुरतंय, मुरतंय. घाई नको." मग रुमालाने हात पुसायचे, आणि त्याच रुमालाने चष्मा. जग त्यांना कायम थोडं मातकट दिसत असावं.

एकाच गोष्टीत जीव अडकलेली अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. सरांचा मातीत अडकला होता. हवामान तापत गेलं तर जमिनीतला कार्बन आणि नायट्रोजन किती टिकेल, याचं संगणकावर मॉडेल बांधायचं काम आमच्या कोलकात्याच्या संस्थेत चाले. सर त्यातले ज्येष्ठ, मी आकडेमोड करणारी. अख्ख्या इमारतीत मराठी आम्ही दोघंच. शहरातल्याच बेहाला भागातून मेट्रोने आले की आधी माझ्या टेबलाशी थांबत.

"चल, दोन वाक्यं मराठीत भांड माझ्याशी. घरी मुलगा आणि नात बंगालीत भांडतात, मजाच येत नाही."

नुसत्या संगणकावर त्यांचा भरवसा नव्हता. नायलॉनच्या जाळीच्या छोट्या पिशव्यांत भाताचा पेंढा वजन करून भरायचा, त्या कोपऱ्यात पुरायच्या आणि ठरल्या वेळी एकेक उकरून किती उरला ते पाहायचं. मॉडेल खरं बोलतंय की थापा मारतंय, ते त्यावरून कळे. दरवानापासून माळ्यापर्यंत सगळे त्यांना माटीबाबू म्हणत.

एकदा दिल्लीहून कोणी बडे साहेब येणार म्हणून माळ्याने हिरवळीवर युरिया फेकला. सरांच्या कोपऱ्यात जरा सढळ हातानेच, माटीबाबूंची जागा म्हणून. नायट्रोजनचं सगळं मोजमाप बोंबललं. साहेब हिरवळ पाहून खूश आणि सर तिच्या कडेला सुतकी चेहऱ्याने बसलेले. मी म्हटलं, "ते आकडे गाळून टाकू या का?"

सर उसळले. "अगं, पडला तो पडला. मॉडेलला सांगायचं, युरिया पडला म्हणून. त्याच्यापासून काय लपवायचं?"

आणि कानाला हात लावून उभ्या असलेल्या माळ्याला चहा प्यायला घेऊन गेले.

ते निवृत्त झाले तेव्हा एक पिशवी जमिनीत होती, सगळ्यांत जास्त काळ राहायची. ऊन असंच चढत राहिलं तर तिच्यात जाळीखेरीज जवळजवळ काही उरणार नाही, असं मॉडेल सांगत होतं. ते मॉडेल सरांनीच उभं आयुष्य घालून बांधलेलं. तरी निरोपाच्या दिवशी मला बाजूला घेऊन म्हणाले, "वेळेआधी कोणाला उकरू देऊ नकोस. त्यात काहीतरी उरलेलं हवंय गं मला. एवढ्या बाबतीत माझं चुकायला हवं."

"चुकलं तर सगळ्या संस्थेसमोर ओरडून सांगीन."

"मराठीत सांग," ते म्हणाले.

मग फोन येऊ लागले. "उकरली नाहीस ना?" "नाही हो, सर." "पाऊस झाला का तिकडे?" बेहालात पडे तोच पाऊस आमच्याकडे पडे, पण त्यांना विचारायचंच असे. हळूहळू आवाज खोल जात गेला. एका सकाळी त्यांच्या नंबरवरून त्यांचा मुलगा बोलला. बातमी त्याने हिंदीत सांगितली. मला सर फार आठवतात. टेबलाशी कोणी थांबलं की अजून मान वर होते.

या हिवाळ्यात पिशवीची वेळ भरली. माळ्याकडून खुरपं घेऊन मीच उकरली. आत काळपट, चिवट असं काही होतं. वाळवून वजन केलं. फार नव्हतं, पण मॉडेलने सांगितलं होतं त्याहून बरंच जास्त होतं. एका पिशवीने काही सिद्ध होत नाही, हे सरच आधी म्हणाले असते, आणि म्हणताना त्यांना हसू आवरलं नसतं.

मी पुन्हा कोपऱ्याशी गेले. उकिडवी बसून तळवा टेकवला आणि ठरल्याप्रमाणे ओरडले, "सर, तुमचं चुकलं!"

वरच्या मजल्यावरच्या दोन खिडक्या उघडल्या. काय म्हणतेय ते विचारायला माळी हातातली झारी ठेवून जवळ आला. "की बोलछेन, दीदी?"

त्या इमारतीत ते वाक्य कळणारं आता कोणी उरलं नव्हतं.