डार्विनच्या आत्याने मागितलेली गोळी

अन्याय झाला तो डँडेनॉन्गमध्ये राहणाऱ्या, झिंबाब्वेहून आलेल्या एका बाईवर. २०२१ साली, मेलबर्नच्या सहाव्या लॉकडाऊनमध्ये, एका मंगळवारी दुपारी, फोनवर. तिने डॉक्टरकडे प्रेप मागितली. एचआयव्हीची लागण होऊ नये म्हणून आधीपासून रोज घ्यायची ही गोळी. डॉक्टर म्हणाला, "ती गे पुरुषांसाठी असते. तुमचं तर लग्न झालंय ना?" आणि विषय संपवला.

मी तेव्हा स्थलांतरित बायकांच्या आरोग्यावर काम करणाऱ्या एका छोट्या गटात पत्रकं लिहायचे. शिध्याच्या पिशवीतून तिच्या घरी गेलेल्या पत्रकावरचा नंबर फिरवून तिने मला गाठलं. मी टार्निटला, ती शहराच्या दुसऱ्या टोकाला, आणि पाच किलोमीटरपलीकडे जायला बंदी. जे काही व्हायचं ते फोनवरच.

तिचा नवरा आईच्या अंत्यविधीला गावी गेला आणि सीमा बंद झाल्या. दीड वर्षाने त्याला विमानात जागा मिळाली होती. डार्विनजवळच्या क्वारंटाइन छावणीत दोन आठवडे, मग घरी. तेवढ्यात हिची रक्ततपासणी होऊन गोळी सुरू व्हायला हवी होती. ती रोज घेऊन काही दिवस गेले की मगच संरक्षण मिळतं.

"चांगला माणूस आहे गं," ती म्हणाली. "चांगली माणसंही एकटी पडतात. मी विचारणार नाही. आणि कंडोमचं काढलं तर तोच मला विचारेल."

मी भडकले. म्हटलं, तक्रार करू, तुझा हक्क आहे.

"हक्क ठाऊक आहे. तुझ्याच पत्रकात वाचला. डॉक्टरपुढे तोंड उघडत नाही, त्याचं काय?" मग म्हणाली, "तेतेला सांगते."

तेते म्हणजे आत्या. त्यांच्याकडे नवरा-बायकोच्या खोलीतलं बोलणं आईशी करत नाहीत, आत्याशी करतात. वेळ पडली तर भाचीच्या वतीने आत्याच बोलते. ही आत्या डार्विनला राहायची. तिने आधी माझीच हजेरी घेतली.

"तू इंडियन ना? तुमच्यात आत्या काय करते?"

"बारशाला नाव ठेवते. मग बाकीच्या बायका तिच्या पाठीत धपाटे घालतात."

"आणि भाचीच्या लग्नानंतर?"

"मूल कधी, ते विचारते."

"एवढंच?"

"एवढंच."

"मग धपाटे बरोबर आहेत."

मी म्हटलं, दुसरा डॉक्टर शोधू. "कशाला?" ती म्हणाली. "उद्या आणखी कुणी याच्याकडेच जाईल. यालाच कळू दे."

पुढच्या अपॉइंटमेंटला डॉक्टरला सांगून आम्ही तिघी लाइनवर होतो. मी म्यूटवर. आत्याने आधी त्याची, त्याच्या आईवडिलांची, झोपेची चौकशी केली. तो गडबडला. मग त्याच आवाजात ती म्हणाली, "मी हिची आत्या. हिला जे बोलता येत नाही ते बोलणं माझं काम. हिचा नवरा दीड वर्ष लांब होता. तिथे काय झालं ते हिला माहीत नाही, आणि ते शोधायला घर मोडायचं नाही. हिला निरोगी राहायचंय. यात लाज असेल तर ती माझ्या नावावर लिहा. गोळी हिच्या नावावर."

 फोनवर कीबोर्डचा आवाज आला. "आज रक्त द्यायला जाता येईल?" डॉक्टरने विचारलं, आणि मग हळूच तिला "सॉरी" म्हणाला.

 मी मोर्चांत भोंग्यावर घसा फोडलेली मुलगी. आवाज चढवल्याशिवाय कुणी असं मागू शकतं, हे मी पहिल्यांदा ऐकत होते.

नवरा छावणीत असतानाच तिची गोळी सुरू झाली. आत्या फाटकावर त्याच्यासाठी फळं ठेवून आली, गोळीबद्दल एक अक्षर बोलली नाही. पुढे केनियाच्या, साउथ सुदानच्या बायका तिला फोन करू लागल्या. नात्याच्या नसलेल्या भाच्या. प्रत्येकीसाठी ती लाइनवर बसायची.

पण जिला आत्या नाही तिने काय करायचं? काळ्या बाईच्या शब्दाला साक्षीदार का लागावा?

इथल्या आपल्या लोकांत डॉक्टर कमी नाहीत. तुम्ही डॉक्टर असाल तर पुढची काळी बाई प्रेप मागेल तेव्हा तपासण्या सांगा आणि चिठ्ठी लिहा. नसाल तर तुमच्या डॉक्टरला याच आठवड्यात विचारा, बायकांना प्रेप लिहून देता का. 'नाही' म्हणाला तर का ते विचारा, आणि उत्तर मिळेपर्यंत खुर्चीतून उठू नका.